हंगामाआधी गाडी उघड

कराड

चि. सूरज यास,

जुनी का होईना, दारात गाडी उभी राहिली. फोनवर आक्काचा आवाज ऐकूनच बरं वाटलं. फोटो पाहिले. नवा रंग, झालर, पाच भोंगे. यातलं काहीच ऊस ओढत नाही. उरलेले पैसे ऑइल, फिल्टर आणि रेडिएटरवर घाल.

"ऑइल आत्ताच बदललंय," असं आधीचा मालक म्हणाला असेल. ऐक आणि सोडून दे. इंजिन, गिअरबॉक्स, हाऊसिंग, तिन्हींचं ऑइल बदल, फिल्टर नवे टाक आणि त्या दिवशीचं किलोमीटर वहीत लिही. तुझा हिशेब तिथून सुरू. काढलेलं इंजिन ऑइल उन्हात धरून बघ. दुधट दिसलं तर आत पाणी शिरतंय. चकाकता चुरा दिसला तर बेअरिंग बघायला लाव. मग गाडी आयडलला ठेवून ऑइल भरायचं झाकण काढ. थोडी वाफ चालते. भकाभका धूर आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, इंजिनकाम दूर नाही. ते आत्ताच कळलेलं बरं. गळीत सुरू झाल्यावर मिस्त्रीला तुझ्यासाठी वेळ नसतो.

उसाच्या गाडीचा खरा वैरी पाचट. गाडी फडात शिरली की रेडिएटरच्या जाळीत पाचट आणि धूळ गच्च बसते, मग चढाला काटा वर. समोरून जोरात पाणी मारलंस तर कचरा आणखी आत जातो. पंख्याच्या बाजूनं, हलक्या धारेनं बाहेर काढ. आत बोअरचं पाणी ओतू नकोस. क्षार धरतात, लायनरला बाहेरून बारीक खड्डे पडतात. कुलंटच घाल. एअर फिल्टरही फडातल्या धुळीनं लवकर भरतो, त्यावर नजर ठेव.

रोज संध्याकाळी हवेच्या टाक्यांचं पाणी सोड. पाणी येणारच, काळं तेलकट आलं तर कॉम्प्रेसरच्या रिंगा गेल्या समज. ते पाणी आत राहिलं की ब्रेकचे वॉल्व्ह गंजतात. आणि ब्रेक कुठं लागतो ते तुला ठाऊक आहे: खंबाटकीच्या जुन्या बोगद्यातून पुण्याकडं बाहेर पडल्यावरच्या वळणदार उतारावर, नाहीतर कुंभार्लीतून चिपळूणला उतरताना. भरलेली गाडी ज्या गिअरात चढेल, त्याच गिअरात उतरव. नुसत्या ब्रेकवर उतरलास तर ड्रम तापतात आणि ऐन वळणावर पाय रिकामा जातो. न्यूट्रल मारून डिझेल वाचवणारे शहाणे भेटतील. त्यांच्या शेजारी जेवायला खुशाल बस, पण उतारावर त्यांच्या पुढं गाडी ठेवू नकोस.

नंबर एमएच ११ चा दिसतो, तेव्हा सांगलीला नाव चढवायचं लांबवू नकोस. ८ वर्षांवरच्या गाडीचं पासिंग दरवर्षी लागतं, त्याची तारीखही वहीत लिही.

दसऱ्याआधी एकदा रिकामी गाडी इकडं घेऊन ये. खड्ड्यावर घालून किंगपिन, क्रॉस आणि पाट्यांचे यू बोल्ट खालून बघू. ग्रीस गन माझ्याकडं आहे, ग्रीसचा डबा तू आण.

तुझा,
मामा