वाटेवरचा संवाद

वारीच्या वाटेने चालताना सोबत्याशी बोलावे, की मुखी केवळ नामच असावे, असा प्रश्न नव्या वारकऱ्याला हटकून पडतो. जुनी जाणती मंडळी सांगतात, "बाबा रे, फुकटची बडबड नको." ते खरेच आहे. परंतु बडबड निराळी आणि संवाद निराळा. बडबडीत दोघेही बोलतात आणि ऐकत कोणीच नाही. संवादात एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो. बडबडीने वाट वाया जाते, संवादाने ती हलकी होते. हा संवाद का करावा आणि कसा करावा, एवढ्याचाच येथे विचार करू.

आपल्या खानदेशातलेच उदाहरण घ्या. आषाढीला फार लांबून पंढरीस येणाऱ्या पालख्यांत श्रीमुक्ताबाईंची पालखी आहे. जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचे एदलाबाद, येथून ती निघते आणि बुलढाणा, जालना, बीड, धाराशिव या बाजूने पंढरीस पोचते. वाट ५०० किलोमीटरांहून अधिक, मुक्काम सुमारे महिनाभराचे. निघताना जेठाचे ऊन, पुढे मृगाचा पाऊस. दिंडीत विणेकऱ्याने अभंग धरला की सर्वांनी अभंगच म्हणावा, यात दुमत नाही. पण विसाव्यानंतर पाय मोकळे चालू लागतात, तेव्हा शेजारचा सहज विचारतो, "कसा शे भाऊ?" एवढ्या चार अक्षरांनी कितीएकांचे ओझे उतरते.

याला संतांचा आधार आहे. श्रीनामदेवरायांच्या तीर्थावळीत ज्ञानदेव आणि नामदेव यांच्या तीर्थयात्रेचे वर्णन येते. त्या वाटेवर ज्ञानदेवांनी नामदेवांना भजनाचे वर्म विचारले. अहो, ज्ञानेश्वरी सांगणारा पुरुष शिंप्याच्या मुलाला विचारतो आणि मनापासून ऐकतो! संवादाचे पहिले लक्षण हेच, की अधिक जाणणाऱ्याने आधी विचारावे. दुसरा दाखला मुक्ताबाईंचा. लोकांच्या छळाने विटून ज्ञानदेव ताटी लावून बसले, तेव्हा धाकट्या बहिणीने बाहेरून गोड शब्दांत समजूत घातली आणि ताटी उघडली. रुसलेले मन धाक दाखवून उघडत नाही, आपल्या माणसाच्या शब्दाने उघडते.

आता फायदे पाहू.

पहिला शरीराचा. चाल किती ठेवावी हे बोलण्यावरून कळते. चालता चालता बोलता येते पण गाता येत नाही, ती मध्यम श्रमाची चाल, असे वैद्यक मानते. गाताही येत असेल तर श्रम हलका. दिंडीची चाल अभंगाला जुळलेली असते, म्हणूनच म्हातारी माणसेही ती महिनाभर निभावतात. आणि बोलतानाच धाप लागली तर समजावे, की चाल कमी करण्याची वेळ झाली. मोठ्या माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एकट्याला अर्धा तास जड जातो. सोबती बोलका असला तर तोच अर्धा तास कधी सरला हे कळत नाही.

दुसरा फायदा मनाचा. समोरासमोर बसले की डोळ्याला डोळा भिडतो आणि मनातले ओठांवर येत नाही. चालताना दोघांची नजर पुढे असते. मध्येच गप्प राहिले तरी अवघड वाटत नाही, कारण पाय चालूच असतात. कपाशी गेली, केळीला भाव नाही, सोसायटीचे कर्ज थकले, लेकीचे लग्न तोंडावर आले, हे घरी बायकोलाही न सांगितलेले दुःख माणूस वाटेवर सांगून टाकतो. कर्जापायी शेतकऱ्याने जीव दिल्याच्या बातम्या आपल्याकडे काही परक्या नाहीत. अशा वेळी विचारणारा एक माणूस जवळ असणे ही लहान गोष्ट नव्हे.

तिसरा फायदा समाजाचा. वाटेवर सगळ्यांना धूळ सारखी लागते. विनोबाजींनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली, हे सर्वांस ठाऊक आहे. तेच विनोबा १९५१ पासून भूदानासाठी वर्षानुवर्षे पायी हिंडले. पहाटेच्या वाटेवर लोक त्यांच्या बाजूने चालत आणि शंका विचारीत. जो संगती चालला, त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार आपोआप मिळाला.

आता थोडे नियम. चाल मंद माणसाच्या पायाला जुळवावी, तरण्याने पुढे पळू नये. ऐकताना मध्ये तोडू नये, मागितल्याशिवाय उपदेश करू नये. वाटेवर ऐकलेले दुसऱ्या दिंडीत नेऊ नये. ज्याने मन उघडले त्याची अब्रू आपल्या हाती असते. निंदा सुरू झाली की नाम सुरू करावे. चढावर आणि भर उन्हात गप्प राहून दम राखावा. गाड्यांच्या रस्त्याला जोडीने न चालता कडेने एकामागे एक चालावे, तेथे बोलणे नको. कानात मोबाईलची गाणी घालून चालणाऱ्याला तर गाडी ऐकू येत नाही आणि माणूसही ऐकू येत नाही.

आणखी एक. एखादा म्हणाला, "आता जगण्यात राम नाही," तर ते हसण्यावारी नेऊ नये. सरळ विचारावे, "जीव देण्याचा विचार येतो का?" असे विचारल्याने तो विचार वाढत नाही, उलट त्याला बोलायला जागा मिळते. मग त्याला एकटे सोडू नये. घरच्यांना कळवावे, डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची १४४१६ ही फुकट दूरध्वनी सेवा अशा वेळेसाठीच २०२२ पासून सुरू आहे. येथे मात्र गुप्तता पाळीत बसू नये. जीव वाचवणे हा मोठा धर्म.

हे सर्व वारीपुरतेच नाही. पंढरी वर्षातून एकदा, पण शेताची पायवाट रोजची आहे. भावाशी बांधावरून अबोला असेल, मुलगा घरात तुटक बोलत असेल, म्हातारे वडील ओट्यावर एकटे बसत असतील, तर त्यांना बसवून समजावू नका. म्हणा, "चला, मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येऊ." जाताना आपण विचारावे आणि येताना त्यांचे ऐकावे. पहिल्या दिवशी पीकपाण्याखेरीज काही निघणार नाही. न निघो. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.

रामकृष्ण हरी.