चांद्याचा तट

मंडळी, तुम्ही कधी ना कधी चंद्रपूरला गेला असाल. कोणी कोर्टाच्या कामाला, कोणी दवाखान्यात, कोणी बाजाराला. तिथे एक मोठा दगडी दरवाजा लागतो. त्याच्याखालून मोटारी जातात, सायकली जातात. तो जटपुरा दरवाजा. आपण त्याच्याखालून जातो, पण मान वर करून पाहत नाही. मीही कित्येक वर्षे पाहिले नव्हते.

काही वर्षांपूर्वी आमच्या साक्षरता वर्गातील पंधरा-वीस जण मिळून चंद्रपूरला गेलो. तट पाहायचा असे ठरवूनच गेलो. त्या वेळी तटाच्या दुरुस्तीचे काम चालू होते.

चंद्रपूरचे जुने नाव चांदा. या जुन्या शहराभोवती दगडी तट आहे. तटावरून चालत पुरी फेरी मारायची म्हटले तर दोन-अडीच तास तरी हवेत. त्याला चार दरवाजे आहेत : जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर. पाच लहान दरवाजे आहेत. त्यांना खिडक्या म्हणतात : बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण. दरवाजावर एक चित्र कोरलेले आहे. सिंहाने हत्तीला खाली दाबले आहे. ही गोंड राजांची खूण.

वर्गातील एका बाईने विचारले, "गुरुजी, येवढा तट कोनं बांधला जी?"

मी म्हणालो, "तुमच्याच वाडवडिलांनी." बाई गोंड समाजाच्या. त्या गप्पच राहिल्या. मग त्यांनी तटाच्या दगडावर हात ठेवला.

खांडक्या बल्लाळशहा नावाचा गोंड राजा होता. तो शिकारीला गेला असता एक ससा त्याच्या कुत्र्याच्या मागे लागला, अशी गोष्ट सांगतात. जिथे ससाही कुत्र्याला भीत नाही ती भूमी शूरांची, म्हणून तिथे शहर वसवायचे ठरले. ही झाली दंतकथा. तटाचे काम मात्र एका राजाच्या हयातीत झाले नाही. एकाने पाया घातला, पुढच्यांनी पुरे केले.

दिल्लीला अकबर बादशहा होता, तेव्हा चांद्याला बाबाजी राजा होता. अबुल फजल याने आपल्या 'आइने अकबरी' या ग्रंथात त्याची नोंद केली आहे. या राजाजवळ १,००० घोडेस्वार आणि ४०,००० पायदळ आहे, असे तो लिहितो. वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचाही उल्लेख त्यात आहे. हे वैरागड म्हणजे आपल्या गडचिरोली जिल्ह्यातले, आरमोरी तालुक्यातले. आपले रान बादशहाच्या दरबारातही ठाऊक होते!

पुढे १६६७ साली औरंगजेबाचा सरदार दिलेरखान चांद्यावर चालून आला. राजाने मोठी खंडणी देऊन राज्य वाचवले. १७५१ साली चांदा नागपूरच्या भोसल्यांकडे गेले. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा लावून तट फोडला आणि शहर घेतले. राजवाड्याच्या जागी तुरुंग झाला. इंग्रजांविरुद्ध उठलेले बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यालाच फाशी दिले.

तोफांनी तट एका जागी फुटला. बाकीचा तट कोणी पाडला? ऐका.

पाखरू पिंपळाचे फळ खाते आणि तटावर शिटते. त्यातले बी दगडाच्या फटीत रुजते. पहिल्या वर्षी दोन पाने दिसतात. दहा वर्षांत मूळ मनगटाएवढे होते. ते दगडाला दगडापासून दूर ढकलते. त्या फटीत पावसाचे पाणी शिरते, चुना धुऊन जातो आणि बुरूज ढासळतो. चांद्याच्या तटावर असे रान माजले होते. लोक तिथे कचराही टाकीत. २०१७ च्या मार्च महिन्यात 'इको-प्रो' या संस्थेच्या तरुणांनी हातात कोयते आणि फावडी घेतली. रोज सकाळी यायचे, झाडोरा तोडायचा, कचरा उचलायचा. असे त्यांनी कित्येक महिने केले. तेव्हा कुठे तट लोकांच्या नजरेस पडला.

एक म्हातारे गवंडी तिथे काम करीत होते. आम्ही त्यांच्याशी बोललो.

ते म्हणाले, "झाड दिसलं की लोक उपटाले धावतात. तसं करू नये जी. मूळ ओढलं तर दगडबी संगं येते. झाड बुडातून कापाचं, मूळ औषधानं मारायचं आन् मग फट चुन्यानं भराची."

आमच्यातील एकाने विचारले, "चुना कायले? सिमेंट पक्कं असते ना?"

गवंडी हसले. "सिमेंट कडक, दगड जुना. दोघांचं जमत नाही."

त्यांनी नीट समजावून सांगितले. भिंतीत ओल असतेच. चुन्यातून ती हळूहळू बाहेर पडते. सिमेंट तिला अडवते. मग ओल दगडातूनच वाट काढते, आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. म्हणून जुन्या कामाला जुनाच माल लागतो. भाजलेल्या चुनखडीवर पाणी टाकले की ती उकळते, फुगते आणि तिचा चुना होतो. तो बरेच दिवस पाण्यात मुरवायचा. मग त्यात वाळू आणि विटांचा चुरा घालून घाणीत मळायचा. जुने कारागीर त्यात गुळाचे पाणी आणि बेलफळाचा गरही घालीत. काम हळू होते, पण टिकते.

हे ऐकताना माझी मान खाली गेली. का, ते सांगतो.

चाळीस वर्षांपूर्वी मी एका खेड्यात मुख्याध्यापक होतो. शाळेला ओटा बांधायचा होता. पैसे नव्हते. गावाबाहेर एक पडकी गढी होती. मीच मुलांची रांग लावली आणि गढीचे दगड हातोहात शाळेत आणले. एका दगडावर कोरीव फूल होते. ते वर आले तर पाय अडखळेल, म्हणून मी तो दगड उपडा बसवून घेतला. माझे पाहून गावकऱ्यांनीही दगड नेले. कोणी गोठ्याला, कोणी विहिरीला. पाच वर्षांत गढी संपली. ना शत्रू आला, ना तोफ आली. मी इतिहास शिकवीत होतो, आणि गावाचा इतिहास पायरीखाली घालीत होतो.

परत निघताना तटाजवळ एक पाटी दिसली. त्याच बाई पाटीपुढे उभ्या राहिल्या आणि बोट ठेवून वाचू लागल्या, "सं... र... क्षि... त. संरक्षित स्मारक." मग म्हणाल्या, "म्हनजे राखलेलं. हो ना, गुरुजी?"

होय. अशा स्मारकांसाठी १९५८ सालचा कायदा आहे. संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण प्रत्येक गावच्या गढीवर पाटी नसते. तिथे राखणदार आपणच.

मंडळी, आता तुम्हाला लिहिता येते. गावात जुनी गढी, बारव किंवा समाधी असेल तर ग्रामसभेत विषय काढा. तिचा दगड कोणी हलवू नये असा ठराव करा आणि पुरातत्त्व विभागाला अर्ज लिहा. मीही त्या गावच्या ग्रामपंचायतीला पत्र लिहिले आहे. पायरीतला तो दगड काढावा, फूल वर करून शाळेच्या दाराशी ठेवावा, आणि तो कुठून आला ते मुलांना सांगावे. माझे नाव घालून सांगावे, असेही लिहिले आहे.

शब्दांचे अर्थ
तट – गावाभोवतीची मोठी भिंत
गढी – बुरूज असलेला जुना वाडा
खंडणी – जबरदस्तीने घेतलेला पैसा
दंतकथा – लोकांच्या तोंडी चालत आलेली गोष्ट

प्रश्न
१. चांद्याच्या तटाचे चार दरवाजे कोणते?
२. पिंपळाचे मूळ ओढून का काढू नये?
३. जुन्या भिंतीला सिमेंट का चालत नाही?
४. तुमच्या गावातील एका जुन्या वास्तूविषयी पाच ओळी लिहा. तिचे दगड कुठे गेले, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा.