तलफ आणि अभ्यास
तंबाखूची पहिली चिमूट मनुष्य स्वेच्छेने घेतो. पुढे चिमूटच त्याला आज्ञा करू लागते. तिच्यातील निकोटिनचा प्रभाव ओसरताच चित्त अस्वस्थ होते आणि हात पुन्हा डबीकडे वळतो. पुनरावृत्तीने जडलेली सवय पुनरावृत्तीनेच सुटते. म्हणूनच गीतेच्या ६ व्या अध्यायातील ३५ व्या श्लोकात भगवंतांनी मनोनिग्रहासाठी अभ्यास व वैराग्य हे उपाय सांगितले आहेत. तलफेचा वेग बहुधा काही मिनिटांत मंदावतो; तेवढा वेळ जागा सोडावी, पाणी प्यावे, नामस्मरण करावे. नियम मोडल्यास निराश न होता पुन्हा आरंभ करावा. वैद्याचे साहाय्य घेण्यात कमीपणा नाही. १८ वर्षांखालील मुलास तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. परंतु घरात पित्याची डबी पाहणारे मूलही अभ्यासच करीत असते.