दोघांची बाग

छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद. या शहरात बाग आणि पाणी यांचे नाते फार जुने आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला येथे नहर बांधली आणि डोंगराच्या बाजूचे पाणी शहरात आणले. तिला नहर-ए-अंबरी म्हणतात. बीबी का मकबरा तुम्ही पाहिला असेल. त्याच्याभोवती चारबाग आहे आणि तिच्यातही पाण्याचे पाट आहेत. आधी पाण्याची सोय, मग बाग, असा त्या काळचा नियम होता.

घरची बाग लावतानाही हाच नियम लक्षात ठेवा. या शहराला पैठणजवळच्या जायकवाडी धरणातून पाणी येते. तरीही अनेक वस्त्यांना वर्षानुवर्षे कित्येक दिवसांआड पाणी मिळत आले आहे. मे महिन्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते. मग घरची बाग टिकणार कशी?

पुष्कळ घरांत असे घडते. रविवारी अब्बा हौसेने रोपे आणतात आणि कुंड्या भरतात. सोमवारी ते कामावर जातात. पाणी घालणे अम्मींवर येते. त्यांना आधीच घरातली कामे भरपूर. त्यात नळ कोरडा! मे संपेपर्यंत रोपे वाळतात आणि दोघे एकमेकांना दोष देतात. रोप लावणे हे एका सुटीचे काम आहे. ते जगवणे हे रोजचे काम आहे. म्हणून दोघांनी आधी एकत्र बसावे. रोज किती पाणी उरते ते मोजावे आणि तेवढ्यात जगतील तितक्याच कुंड्या लावाव्यात.

पहिल्या रविवारी माती तयार करावी. मराठवाड्याची काळी माती पाणी धरून ठेवते, पण कुंडीत ती घट्ट बसते. वाळली की तिला भेगा पडतात. म्हणून दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू घ्यावी. कुंडी विकतच हवी असे नाही. जुना डबा किंवा फुटकी बादलीही चालते. मात्र तळाला भोके पाडावीत. एकाने माती कालवावी, दुसऱ्याने कुंड्या भराव्यात.

दुसऱ्या रविवारी पाण्याची सोय करावी. तांदूळ, डाळ व भाजी धुतलेले पाणी एका बादलीत साठवावे. वजूचे पाणीही झाडांना चालते. साबणाचे किंवा मिठाचे पाणी मात्र घालू नये. मोठ्या कुंडीत एक लहान मडके गळ्यापर्यंत पुरावे आणि त्यात पाणी भरून झाकण ठेवावे. मडक्यातून पाणी हळूहळू झिरपते व मुळांना मिळते. मातीवर पालापाचोळा पसरला, तर ओल लवकर उडत नाही.

तिसऱ्या रविवारी रोपे लावावीत. पावसाळ्याची सुरुवात यासाठी चांगली. पुदिन्याच्या काड्या सहज रुजतात. कोरफडीला पाणी थोडे लागते. मोगऱ्याची छाटणी हिवाळा संपताना केली, की उन्हाळ्यात फुले येतात.

यानंतर रोजची पाळी ठरवावी. सकाळी कामावर निघण्यापूर्वी अब्बांनी बादली रिकामी करावी. संध्याकाळी अम्मींनी कुंड्या पाहाव्यात. कोणी आजारी पडले, तर दुसऱ्याने न सांगता पाणी घालावे. मुलांनो, तुम्हीही या कामात हात लावा. चार कुंड्या जगल्या, तरी अंगणात मोगरा दरवळेल आणि चटणीला घरचा पुदिना मिळेल.

शब्दार्थ
पाट – पाणी वाहण्याचा लहान मार्ग
भेग – चीर
झिरपणे – थेंबथेंब बाहेर येणे
पालापाचोळा – वाळलेली पाने
छाटणी – फांद्या कापणे

स्वाध्याय
१. नहर-ए-अंबरी कोणी बांधली?
२. कुंडीच्या मातीत वाळू का मिसळावी?
३. ‘रोप जगवणे हे रोजचे काम आहे.’ याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. बाग, गुलाब, कलम, जमीन हे शब्द मराठीत आणि उर्दूत आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या घरी एका दिवसात भाजी धुतलेले किती पाणी उरते ते मोजा.