कृष्णाकाठी पाणचक्की का रुजली नाही?

प्रश्न : आमच्या बैठकीत पाणचक्कीचं जुनं विलायती निसर्गचित्र आहे. ओढा, लाकडी चाक, बाजूला कौलारू घर. कृष्णा-कोयनेचं एवढं पाणी असून सातारा-सांगलीकडे असं दृश्य का दिसत नाही?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : पाणचक्कीला वर्षभर सारखं वाहणारं पाणी लागतं. इंग्लंड-हॉलंडात पाऊस बारा महिने थोडाथोडा पडतो. आपली कृष्णा पावसाळ्यात काठ सोडते आणि उन्हाळ्यात पात्राच्या तळाशी जाते. अशा नदीवर चाक बसवलं, तर पुरात ते टिकायचं नाही आणि चैत्र-वैशाखात फिरायचं नाही.

दुसरं कारण आपल्या भाकरीत आहे. ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी जाते; भाकरी थापताना कडा चिरतात, उचलताना ती तुटते. त्यामुळे लागेल तेवढंच ताजं दळायचं, तेही घरच्या जात्यावर. पहाटे उठून बायका दळत होत्या, म्हणून गावाला चक्कीवाचून अडलं नाही. त्या चित्रातलं चाक जे काम करतं, ते आपल्याकडे त्यांच्या खांद्यांनी केलं.

महाराष्ट्रात पाणचक्की झालीच नाही, असं मात्र नाही. छत्रपती संभाजीनगरात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की प्रसिद्ध आहे. दूरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून उंचावरून सोडलं आहे. तिथलं चाक तुमच्या चित्रातल्यासारखं उभं नाही, आडवं आहे. उभ्या चाकाची गती दगडापर्यंत न्यायला दातेरी चाकं लागतात. आडव्या चाकाचा आस थेट वरच्या दगडालाच फिरवतो. पाण्याने फिरणारं मोठं जातंच म्हणा ना!

विलायती चित्रकारांना हा विषय आवडला, कारण तो त्यांच्या रोजच्या जगण्यातला होता. जॉन कॉन्स्टेबलने 1816-17 मध्ये ‘फ्लॅटफर्ड मिल’ रंगवलं, ती गिरणी त्याच्या वडिलांचीच होती. आपल्याकडे कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ तळ्याचा परिसर रंगवला, तोही याच ओढीने. चित्रकार ज्या पाण्याजवळ राहतो, तेच पाणी त्याच्या कुंचल्यात उतरतं. वाईजवळच्या मेणवलीचा घाट, विहिरीवरची मोट, हेच आपल्याकडचे पाणचक्कीसारखे विषय.

पुढे पाण्याने चाक फिरवण्याचं काम सातारा जिल्ह्यानेही केलं, आणि फार मोठ्या मापाने. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरतं, टर्बाइन फिरवतं. या प्रकल्पाची एकूण क्षमता 1960 मेगावॉट आहे. तत्त्व मात्र तेच : उंचावरचं पाणी आणि खाली फिरणारं चाक.

आता सवडीने औंधला जाऊन या. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1938 मध्ये उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात देशी-विदेशी चित्रं एकाच छताखाली आहेत. चित्रातली माणसं पाणी कुठून आणतात, धान्य कसं दळतात, हे विचारत ती पाहा. निसर्गचित्र म्हणजे नुसती शोभा नव्हे, त्या मुलखाच्या कष्टांची नोंद असते, हे तुमचं तुम्हालाच पटेल.