हिवाळा आणि मोटारगाडी

उष्णता ही मोटारगाडीच्या इंजिनाची शत्रू होय, ही गोष्ट भारतीय वाहनचालकास कोणी शिकवावी लागत नाही. वैशाखातील उन्हात घाट चढताना रेडिएटरमधून वाफा निघू लागल्या, की गाडी कडेला घ्यावयाची, इंजिन निवू द्यावयाचे आणि मग पाणी भरावयाचे, हा क्रम सर्वांच्या अंगवळणी पडलेला आहे. थंडीविषयी मात्र अशी जाण सहसा आढळत नाही. दख्खनच्या पठारावर किंवा समुद्रकिनाऱ्यावर गाडीचे नुकसान होण्याइतके तापमान उतरतच नाही, हे त्याचे कारण.

हिमालयातील परिस्थिती याहून अगदी निराळी आहे. लेह येथे जानेवारीतील रात्री तापमान शून्याखाली १५ अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही खाली जाते. द्रास येथील थंडी त्याहून कडक असते. पूर्वी हिमवर्षाव सुरू झाला, की खिंडी बंद होत व मैदानातील गाड्या खालीच राहत. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांग खिंडीखालील ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा वाहतुकीस खुला झाला आणि लाहौल खोऱ्याचा मार्ग हिवाळ्यातही बव्हंशी खुला राहू लागला. अरुणाचल प्रदेशातील सेला बोगदा मार्च २०२४ मध्ये व काश्मीरमधील सोनमर्ग बोगदा जानेवारी २०२५ मध्ये खुला झाला. परिणामी पुण्यात किंवा नागपुरात वापरली जाणारी गाडी आठवड्याभरात बर्फाच्या प्रदेशात उभी राहू शकते. गाडी डोंगरात पोहोचते. तिच्यातील पाणी, तेल आणि इंधन मात्र मैदानातील असते. बहुतेक अडचणींचे मूळ येथेच आहे.

मोटारगाडी दिसावयास लोखंडाची असली, तरी तिचे चलनवलन द्रवांवर अवलंबून असते. थंडीने लोखंडाचे सहसा काही बिघडत नाही. बिघडते ते द्रवांचे. कोणता द्रव कोणत्या तापमानास आपला गुणधर्म सोडतो हे समजून घेतले, म्हणजे हिवाळ्याची तयारी कशी करावी हे पाठ करण्याची आवश्यकता उरत नाही; ते आपोआप उलगडते.

१. इंजिन थंड राखणारे पाणी

बहुतेक पदार्थ थिजताना आकुंचन पावतात. पाणी याला अपवाद आहे. ४ अंश सेल्सिअस तापमानास त्याची घनता सर्वाधिक असते. त्याखाली ते प्रसरण पावू लागते आणि त्याचे बर्फ झाले, की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. या प्रसरणास वाव मिळाला नाही, तर निर्माण होणारा दाब ओतीव लोखंडासही तडा देऊ शकतो. रात्री रेडिएटरमध्ये साधे पाणी असलेली गाडी उघड्यावर उभी राहिली, तर सकाळी रेडिएटरच्या नळ्या फुटलेल्या अथवा इंजिन ब्लॉक तडकलेला आढळण्याचा संभव असतो. अशा इंजिनाची दुरुस्ती अत्यंत खर्चिक, पुष्कळदा अशक्यच असते.

यावरील उपाय म्हणजे पाण्यात एथिलीन ग्लायकॉल मिसळणे. बाजारात मिळणाऱ्या कूलंटचा तो मुख्य घटक असतो. ग्लायकॉलचे रेणू पाण्याच्या रेणूंना बर्फाच्या स्फटिकात सहजासहजी जुळू देत नाहीत, म्हणून मिश्रणाचा गोठणबिंदू खाली उतरतो. निम्मे पाणी व निम्मे ग्लायकॉल असे मिश्रण शून्याखाली सुमारे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. मात्र अधिक ग्लायकॉल म्हणजे अधिक संरक्षण, असा समज करून घेऊ नये. शुद्ध ग्लायकॉल शून्याखाली सुमारे १३ अंशांसच गोठतो! शिवाय उष्णता वाहून नेण्यात तो पाण्याहून उणा आहे. म्हणून ग्लायकॉलचे प्रमाण निम्म्याच्या आसपास ठेवणे हिताचे.

मैदानातील गाडीचा दोष बहुधा असा असतो, की तिच्यात कारखान्यातून कूलंट भरलेले असते, परंतु पुढे प्रत्येक उन्हाळ्यात पातळी कमी झाली, की नळाचे साधे पाणी ओतले जाते. रंग थोडा फिकट होतो, एवढेच. गोठणबिंदू मात्र दर खेपेस वर सरकत असतो आणि उष्ण प्रदेशात त्याची जाणीव होण्याचे काहीच कारण नसते. म्हणून प्रवासापूर्वी कूलंटचा गोठणबिंदू मोजून घ्यावा. हे काम गॅरेजमधील साध्या उपकरणाने काही मिनिटांत होते. मिश्रण विरळ झालेले आढळल्यास ते पूर्ण बदलावे. ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असतो. त्यामुळे मुले व जनावरे यांच्यापासून तो दूर ठेवणे अगत्याचे आहे.

काचेवर फवारण्याच्या पाण्याचीही हीच गोष्ट. तेथे इंजिनाचे कूलंट न घालता त्या कामासाठी मिळणारा, थंडीत न गोठणारा द्रव वापरावा.

२. वंगण

थंडीने तेल दाट होते. इंजिन सुरू होताना स्टार्टरला हे दाट तेल कापीत दांडा फिरवावा लागतो व पंपाला ते वरपर्यंत पोहोचवावे लागते. तेल पोहोचेपर्यंतच्या काही क्षणांत धातूवर धातू घासतो.

तेलाच्या डब्यावर '५डब्ल्यू-३०' किंवा '१५डब्ल्यू-४०' असे अंक असतात. त्यांतील डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे द्योतक होय. त्याआधीचा अंक जितका लहान, तितके तेल थंडीत पातळ राहते. १५डब्ल्यू तेलाची इंजिन फिरवण्याविषयीची कसोटी शून्याखाली २० अंशांस घेतली जाते. ५डब्ल्यूची शून्याखाली ३० अंशांस. दुसरा अंक तापलेल्या इंजिनातील दाटपणा दर्शवितो. निर्मात्याने मान्य केलेल्या तेलांपैकी पहिला अंक लहान असलेले तेल हिवाळी प्रवासासाठी निवडावे. केवळ थंडीच्या भीतीने मान्यतेबाहेरचे तेल भरू नये.

३. इंधन

पेट्रोल आपल्या देशातील थंडीने गोठत नाही. डिझेलचे तसे नाही. डिझेलमध्ये मेणाच्या जातीचे पदार्थ विरघळलेले असतात. तापमान उतरले, की या मेणाचे सूक्ष्म स्फटिक होतात व डिझेल गढूळ दिसू लागते. आणखी थंडी पडली, की हे स्फटिक गाळणीत अडकतात. टाकीत डिझेल असूनही इंजिनास ते मिळत नाही. अखेरीस सबंध द्रवच घट्ट होतो.

याच कारणाने लडाखमधील चालकांना पूर्वी डिझेलमध्ये रॉकेल मिसळणे, टाकीखाली विस्तव ठेवणे असे उपाय करावे लागत. त्यांपैकी दुसरा तर उघडच जीवघेणा आहे. रॉकेलने डिझेलचा वंगणगुण घटतो आणि आधुनिक इंजिनांतील उच्च दाबाच्या पंपास ते बाधते. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइल कंपनीने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल उपलब्ध केले. ते शून्याखाली ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहते.

यातून निघणारा नियम साधा आहे. मैदानात टाकी भरून तेच डिझेल घेऊन वर जाऊ नये. शीत प्रदेशात प्रवेश करताना टाकीत जुने डिझेल थोडेच राहील असा हिशेब करावा आणि हिवाळी डिझेल जेथे मिळते तेथे पहिल्याच पंपावर ते भरून घ्यावे. त्यानंतर गाडी काही किलोमीटर चालवावी, म्हणजे नळ्यांतील व गाळणीतील जुने डिझेल संपून नवे तेथे पोहोचेल. ही काळजी न घेता गाडी लगेच उभी केली, तर टाकीत योग्य डिझेल असूनही गाळणी मेणाने बंद होऊ शकते. वर पोहोचल्यावर टाकी मात्र भरलेली ठेवावी. रिकाम्या टाकीतील हवेची आर्द्रता थंडीत पाणी होऊन इंधनात उतरते.

ज्या नव्या डिझेल गाड्यांत धूर शुद्ध करण्यासाठी युरियाचे द्रावण वापरतात, त्यांतील ते द्रावण शून्याखाली ११ अंशांस गोठते. ही गोष्ट गृहीत धरूनच त्याची टाकी घडविलेली असते. चालकाने ती काठोकाठ भरू नये, एवढेच.

४. बॅटरी

बॅटरीतील वीज रासायनिक क्रियेतून निर्माण होते आणि ही क्रिया थंडीत मंदावते. शून्याखाली १८ अंशांच्या सुमारास शिसे-आम्लाच्या बॅटरीची शक्ती निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. दाट तेलामुळे इंजिन फिरवण्यास नेमकी त्याच वेळी अधिक शक्ती लागते. पुण्यात सुरळीत चालणारी चार वर्षांची बॅटरी केलाँगच्या पहिल्याच सकाळी का हतबल होते, हे यावरून स्पष्ट होईल.

पूर्ण भारित बॅटरीतील आम्ल शून्याखाली ५० अंशांपर्यंतही गोठत नाही. परंतु रिकाम्या होत आलेल्या बॅटरीत आम्ल विरळ होऊन जवळजवळ पाणीच उरते. ते शून्याखाली १० अंशांच्या आसपास गोठते व बॅटरीचे कवच फुटते. म्हणून बॅटरी भारित ठेवणे हेच तिचे संरक्षण होय. गोठलेली बॅटरी दुसऱ्या गाडीस जोडून सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. स्फोटाचा धोका असतो.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांतील लिथियम बॅटरीचाही पल्ला थंडीत घटतो. शून्याखालील तापमानात ती वेगाने भारित केल्यास आत लिथियम धातूचा थर साचून कायमचे नुकसान होते. म्हणून गाडीची नियंत्रणयंत्रणा त्या वेळी भारणाचा वेग आपोआप कमी करते. हा बिघाड समजू नये.

५. टायर आणि रस्ता

तापमान १० अंशांनी उतरले, की मोटारीच्या टायरमधील दाब सुमारे दीड पौंडाने कमी होतो. दुसरीकडे, उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्याने मापक तो दाब काही पौंड अधिक दाखवितो. हे दोन परिणाम एकमेकांच्या विरुद्ध आहेत. म्हणून खालीच अंदाजाने हवा भरून किंवा सोडून न देता मुक्कामी पोहोचल्यावर, टायर थंड असताना दाब मोजावा व निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे ठेवावा.

खरा धोका रस्त्याचा आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक साधारण ०.७ असतो, बर्फाच्या गुळगुळीत थरावर तो ०.१ इतका उतरतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्या रस्त्यावर सुमारे ९ मीटरांत थांबते. बर्फावर तिला सुमारे ६३ मीटर लागतात. चारही चाकांना गती देणारी यंत्रणा गाडी निघण्यास साहाय्य करते, थांबण्यास नव्हे. अनेक अपघात या एका गैरसमजातून होतात.

सावलीतील वळणे, पूल व झऱ्यांचे ओघळ येथे पारदर्शक बर्फाचा थर असतो व तो ओल्या रस्त्यासारखा दिसतो. अशा ठिकाणी आधीच वेग उतरवून खालच्या गिअरमध्ये यावे. ब्रेक, सुकाणू व गती यांपैकी कशालाही झटका देऊ नये. बर्फावरील साखळ्या गती मिळणाऱ्या चाकांवर बसवावयाच्या असतात. त्या बसवण्याचा सराव घरीच करावा. अंधारात, गारठलेल्या बोटांनी प्रथमच तो प्रयोग करणे कठीण जाते.

६. रात्रीचा मुक्काम

ओला हातब्रेक रात्रीत गोठून चाके जखडतो. म्हणून सपाट जागा पाहून गाडी गिअरमध्ये उभी करावी, चाकांना दगड लावावेत आणि हातब्रेक सोडून ठेवावा. वायपर काचेपासून उचलून ठेवावेत. सकाळी काचेवरील बर्फ खरवडून काढावा; गरम पाणी कधीही ओतू नये, काच तडकते. इंजिन सुरू झाल्यावर लगेच जोराने न पळविता पहिले काही किलोमीटर सावकाश चालवावे.

७. बर्फात अडकल्यास

आतापर्यंत सांगितलेल्या चुकांची किंमत पैशांत मोजता येते. यापुढील चुकीची येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी हिमवादळात हजारो गाड्या अडकल्या व गाड्यांतच वीसहून अधिक माणसे दगावली. काही मृत्यूंचे कारण गारठा नसून कार्बन मोनॉक्साइड असल्याचे सांगण्यात आले. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या मार्गावरही शेकडो गाड्या बर्फात अडकून पडल्या होत्या. तेथील प्रवाशांची सुटका झाली.

उबेसाठी इंजिन चालू ठेवले आणि धुराची नळी बर्फाने बुजली, तर हा वायू गाडीत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हीमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट दृढतेने जोडला जातो. माणसास डोके जड वाटते, झोप येते; आणि थंडीत थकलेल्या माणसास झोप येण्यात काही वावगे आहे असे कोणासही वाटत नाही.

म्हणून अडकलेल्या गाडीत पुढील नियम पाळावेत. इंजिन सुरू करण्यापूर्वी दर वेळी बाहेर उतरून धुराच्या नळीभोवतालचा बर्फ काढावा. इंजिन तासाला सुमारे दहा मिनिटेच चालवावे. त्या वेळी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर खाली ठेवावी. सर्वांनी एकाच वेळी झोपू नये. गाडीत शेगडी कदापि पेटवू नये; तिच्यातूनही हाच वायू निघतो. गाडी सोडून वादळात चालत जाण्यापेक्षा गाडीतच थांबणे बहुधा अधिक सुरक्षित असते.

प्रस्थानापूर्वी

कूलंटचा गोठणबिंदू, तेलाचा प्रकार, बॅटरीची स्थिती आणि टायरची खोली या चार गोष्टी निघण्यापूर्वी तपासाव्यात. गाडीत फावडे, साखळ्या, ओढण्याचा दोर, विजेरी, घोंगड्या, पिण्याचे पाणी व दोन दिवसांचे कोरडे अन्न असावे. रस्ता खुला असल्याची खात्री स्थानिक प्रशासनाकडून करून घ्यावी आणि बंद असल्यास थांबावे.

यांतील एकही गोष्ट दुर्मीळ अथवा फार खर्चाची नाही. परंतु पाणी गोठल्यावर त्यात ग्लायकॉल मिसळता येत नाही व मेण धरलेले डिझेल रस्त्यावर बदलता येत नाही. हिवाळ्याची तयारी डोंगरात होत नसते. ती घरून निघण्यापूर्वीच पूर्ण व्हावी लागते.