रंग उतरवताना

पोरी, उद्या पहाटे तू मडगावला निघालीस. रवींद्र भवनात कोंकणी तियात्राची, म्हणजे तिकडच्या गाण्यांच्या नाटकाची रंगभूषा, आणि तीही पहिल्यांदा एकटीनं. माझे पाय आता कासारसाईच्या धरणापर्यंत जाऊन परत येतात तेवढंच, म्हणून बरोबर येत नाही. सांगायचं ते आज रात्रीच सांगतो.

तुझा खेळ भवनातल्या ज्या नाट्यगृहात आहे त्याचं नाव ‘पाय तियात्रिस्त’, म्हणजे तियात्राचा बाप. हे जुआंव आगोस्तिन्य फेर्नांदिस यांचं बिरुद. तियात्र जन्मलं मुंबईत, 17 एप्रिल 1892 ला. सुरुवातीला बायकांच्या भूमिका पुरुषच करत. 1904 साली फेर्नांदिस यांची बायको रेजिना रंगमंचावर आली. तोवर मिशा काढून, गालाला लाली लावून पुरुषांना बाई करणारे हात कुणाचे होते, त्यांची नावं कुणी लिहून ठेवलेली दिसत नाहीत. तू त्या हातांच्या वंशातली. हे मनात ठेवून रंगपटात पाय टाक.

आता कामाचं. गोव्याची हवा आपल्या मुळशीसारखी नाही. इथं थंडीत ओठ फुटतात, तिथं डिसेंबरातही मानेवर घाम असतो. पाण्यात कालवून लावायचा पॅनकेक घामानं ओघळतो आणि गालावर पट्टे पडतात. तिथं स्टिकचा बेस वापर, पण पातळ. आधी स्वच्छ फडक्यात बर्फ गुंडाळून तोंडावरून फिरव, तोंड कोरडं कर, मग बोटाच्या उबेनं रंग पसरव. पावडर घासू नकोस, दाबून बसव, आणि उरलेली कुंच्यानं झटक. जाड थर म्हणजे जास्त रंगभूषा, असं नवखे लोक समजतात. जाड थराला पहिल्या गाण्यातच भेग पडते.

तियात्रात गाणी, म्हणजे ‘कांतारां’, प्रवेशांच्या अधेमधे येतात. प्रेक्षक गाणं ऐकत असतात, तेव्हा विंगेत तुझी परीक्षा चाललेली असते. तरुण नट आत येतो आणि दोन गाण्यांनंतर म्हातारा होऊन बाहेर जायचा असतो. म्हणून संहिता वाचताना संवादांपेक्षा गाण्यांकडे लक्ष दे. कुठलं गाणं किती मिनिटांचं, ते तालमीत घड्याळ लावून लिहून घे. म्हातारपणाच्या सुरकुत्या आपल्या मनानं काढू नकोस. नटाला कपाळाला आठ्या घालायला सांग, मोठ्यानं हसायला सांग, आणि त्याच्याच घड्यांतून तपकिरी रेघ ओढ. शेजारी उजळ रेघ दिली की घडी खोल दिसते. काळी पेन्सिल सुरकुतीला कधीच नको. दुरून ती डाग दिसते.

मी हे काम गावच्या यात्रेत शिकलो. बाहेरगावचा फड आला की मी कनातीमागं गॅसबत्ती धरून उभा राहायचो. सफेदा, पिवडी, हिंगूळ, मुर्दाडशिंग हे सगळं खोबरेल तेलात खलून तोंडाला फासायचे. हिंगुळात पारा असतो, मुर्दाडशिंगात शिसं. कितीतरी कलावंतांनी आयुष्यभर रोज रात्री ते विष गालांवर वागवलं. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांचं या बाबतीत ऐकू नकोस. तुला कुणी प्रेमानं जुन्या रंगाची डबी दिली तर घे, नमस्कार कर, वापरू नकोस. नवाकोरा डबासुद्धा आदल्या दिवशी प्रत्येकाच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघ, चोवीस तास वाट बघ. खाज आली, लाल झालं, तर तो रंग त्या माणसासाठी बाद.

दिव्यांचं गणित वेगळंच आहे. हिरव्या उजेडात लाल रंग काळा पडतो. रंगपटात गुलाबासारखी दिसलेली नायिका रंगमंचावर गाल खोल गेल्यासारखी दिसते. दिव्यांच्या तालमीला विंगेत थांबू नकोस. शेवटच्या रांगेत जाऊन बस. तिकडच्या माणसानंही तिकीट काढलेलं असतं. त्याला भुवई दिसली पाहिजे.

मिशीबद्दल मात्र नीट ऐक, कारण इथं माझ्या हातून पाप घडलं आहे. दोन अंकांच्या मध्ये एका पोरसवदा नटाची मिशी मी घाईत ओढून काढली. स्पिरिट गमनं धरलेल्या जागेची कातडी केसांबरोबर आली. तो ओरडला नाही, खेळ चालू होता म्हणून. डोळ्यांतून पाणी आलं तेवढंच. दुसऱ्या दिवशी त्याच जखमेवर गम लावायची माझी हिंमत झाली नाही, आणि ते पात्र मिशीवाचून उभं राहिलं. त्या पोराचं तोंड मला अजून दिसतं. म्हणून सांगतो: नटाला दाढी सकाळीच करायला लाव, मेकअपच्या तोंडावर नको. गम लावला की बोटानं टिचक्या मारून चिकट होऊ दे, मग मिशी ठेवून ओल्या फडक्यानं दाब. ठेवताना त्याला लांब ‘आ’ करायला सांग, नाहीतर पहिल्या हशाला कोपरा सुटतो. काढताना कडेला रिमूव्हर लाव, तो नसेल तर तेल. भिजू दे आणि थांब. आपोआप सुटते. पुढचा प्रवेश आला तर दिग्दर्शकाला सांग, अर्धं मिनिट हवं. ते मागायची लाज वाटू देऊ नकोस.

काजळाची कांडी एकीची दुसरीला लावू नकोस. एकीचे डोळे आले की चार दिवसांत सगळ्या संघाचे येतात. स्पंज ज्याचा त्याला.

आणि दोन शब्द त्यांच्या भाषेतले शिकून जा. डोळे मिटायला ‘दोळे धांप’, वर बघायला ‘वयर पळय’. मोठ्या माणसाला ‘बाब’, बाईला ‘बाय’. तोंडाला हात लावायच्या आधी नाव विचार. नट त्या वेळी मनात संवाद म्हणत असतो, तेव्हा बडबड करू नकोस. त्याचा श्वास जोरात चालला असेल तर हात हळू चालव.

पडदा पडला की सगळे फोटो काढायला, भेटायला धावतात. तू रंगपटातच थांब. उतरवायला कुणी तरी हवं असतं, विशेषतः वयस्कर नटांना. तेल हाताला चोळून कोमट कर, डोळ्यांपासून कानाकडे हलकं फिरव, मऊ फडक्यानं टीप, मग साबण, मग साधं पाणी. माणसाचं स्वतःचं तोंड परत दिसेपर्यंत पेटी बंद करायची नाही. लावायला तास दिलास, तर उतरवायला निदान वीस मिनिटं दे. थकलेला माणूस त्याच वीस मिनिटांत तुझ्याशी चार शब्द बोलेल, आणि पुढच्या खेळाला तुलाच बोलावेल.

पेटीत मी खोबरेलाची बाटली ठेवली आहे, झाकणावर प्लास्टिक बांधून. जुन्या धोतराची फडकी धुऊन, उकळून खालच्या कप्प्यात आहेत, बावीस. पहिल्या रात्री किती पुरली ते फोन करून सांग.